जेलीखालचं पाणी

चला, लावा पैज! या गोष्टीचा शेवट तुम्हाला ओळखता येणार नाही. पोरगी पास झाली का, ते नका सांगू. ते कोणीही सांगेल. शेवटी किंमत कोणी मोजली आणि काय मोजली, ते सांगा. मी मधे मधे थांबेन, तेव्हा बोला. नाही सांगता आलं तर चहा तुमचा.

आमच्या लॅबमध्ये किस्से असे साचतात, जसा लूमखाली धाग्यांचा कचरा. झाडून काढा, उद्या परत तेवढाच! आणि कचऱ्यात नेमका एखादा जरीचा धागा निघतो, म्हणून मी काही फेकत नाही.

मी सुकलाल. मला सगळे आप्पा म्हणतात. गाव शिरपूरकडचं, पण जन्म गेला सुरतला, नवागामात. अर्धं आयुष्य लूमपुढे उभा राहिलो, कान थोडे गेले, मग ओळखीने एका कॉलेजच्या फिजिक्स लॅबमध्ये लागलो. शिक्षण म्हणाल तर मास्तरांनी मला सोडलं की मी मास्तरांना, यावर घरात अजून वाद आहे.

बायको पहिल्याच दिवशी म्हणाली, "तिथं काय करतात?"

मी म्हणलं, "घासतात."

"काय? भांडी?"

"जेली. काचेवर जेली घासतात, आणि मशीन बघतं मधे पाणी किती आहे."

ती भाकरी थापायची थांबली. "आणि एवढ्यासाठी पगार देतात?"

"मला कमी देतात. जो घासतो त्याला जास्त!"

*

घासणारी कोण? तर वृषाली. आमच्याच गल्लीतली पोरगी! बाप लूमवर, माय घरी बसून साड्यांना टिकल्या चिकटवते, आणि पोरगी पीएचडी! आमच्या गल्लीत आजपर्यंत डॉक्टर आला तो फक्त इंजेक्शन द्यायला.

तिचं काम मला तिनेच समजावलं. जेली म्हणजे खायची नाही. बहुतेक पाणीच, पण धरून ठेवलेलं पाणी. डोळ्यात घालायच्या लेन्स असतात ना, तसं. आपल्या गुडघ्यातली कूर्चा पण याच जातीतली. ती घासते, पण झिजत नाही, कारण मधे पाणी असतं. ते पाणी मधे नेमकं राहतं कसं? दाब पडला की पळत का नाही? हेच तिला बघायचं होतं.

"पण पोरी, दोघांच्या मधलं पाणी बघायचं कसं? उचलून बघितलं तर मधे काही राहिलंच नाही!"

ती म्हणाली, "म्हणून तर आप्पा, खालून बघायचं. डोळ्याला दिसत नाही असा उजेड असतो, इन्फ्रारेड. तो खालून एका खास काचेत सोडायचा. तो काचेच्या वर जरासं डोकं काढतो आणि मागे फिरतो. जेवढं डोकं काढलं, तेवढ्यातलं पाणी त्याला दिसतं."

मी म्हणलं, "म्हणजे आपल्या शेजारणीसारखं! डोकं काढलं, बघून घेतलं, आत गेली."

"हो आप्पा. फक्त हा उजेड बाहेर जाऊन सांगत नाही, कंप्युटरलाच सांगतो."

पाणी दिसलं की कंप्युटरवर रेषेचा डोंगर उभा राहतो. पाणी जास्त, डोंगर मोठा. चार वर्षं पोरीने डोंगर मोजले. थिसिस लिहून झाला. आणि बाहेरच्या परीक्षकाने अडवलं! चेन्नईकडचे मोठे प्रोफेसर. त्यांनी कळवलं, हा डोंगर जेलीखालच्या पाण्याचा कशावरून? सुरत समुद्राजवळ, हवा ओली. हे तुमच्या हवेतलंच पाणी असेल. मी येतो, माझ्या डोळ्यापुढे दाखवा. नाही दाखवलं तर सगळं पुन्हा करा.

पुन्हा म्हणजे पुन्हा चार वर्षं! पोरीची स्कॉलरशिप संपलेली. हजीऱ्याच्या एका कंपनीत नोकरी ठरलेली, पण पीएचडी हातात असेल तरच. बाप म्हणाला होता, तू लागली की मी लूम सोडतो.

भट्ट साहेब, म्हणजे तिचे गाईड, चष्म्याची दोरी ओढत म्हणाले, "सुकलालभाई, परीक्षक येईपर्यंत लॅबमध्ये एक थेंब वाया जायला नको आणि एक थेंब आत यायला नको."

आता सांगा, अशा वेळी किस्से घडतील नाही तर काय!

*

पहिला बळी मिठाच्या चकतीचा.

तो जो उजेड आहे, तो साध्या काचेतून जात नाही. म्हणून मशीनच्या खिडकीला मिठाची चकती लावतात. दिसायला स्वच्छ काच, पण मीठ! तसलं भारी मीठ. आम्ही तिला हातमोजे घालून उचलतो, नव्या सुनेसारखं.

आमचे हेड क्लार्क नरेशभाई. माणूस चांगला, पण स्वच्छतेचं खूळ. मोठे परीक्षक येणार म्हणून ते सगळ्या लॅब तपासत फिरत होते. टेबलावर चकती दिसली, वर बोटाचा डाग. लगेच उचलली, बेसिनमध्ये नेली, साबण लावला, नळ सोडला, छान चोळली.

थोड्या वेळाने माझ्याकडे आले. हात ओले, बोटं चोळताहेत.

"सुकलालभाई, ते काच धुत होतो ना..."

"हं?"

"काच क्यां गई?"

मी बेसिनमध्ये वाकून बघितलं. गंभीर तोंड केलं. म्हणलं, "नळीत गेली असेल. खाली बघा."

झालं! त्यांनी प्लंबर बोलावला, खालचा पाईप खोलला, बादलीत गाळ काढला, बॅटरी लावून शोधताहेत. तेवढ्यात भट्ट साहेब आले. "काय शोधताय?"

"साहेब, ती गोल काच."

साहेबांनी बादलीकडे बघितलं, नळाकडे बघितलं. डोळे मिटले. म्हणाले, "नरेशभाई, ती आता तापीला मिळाली. तिला जाऊ द्या."

नशीब, कपाटात एक जास्तीची चकती होती. वृषाली माझ्याकडे बघून म्हणाली, "आप्पा, तुम्हाला माहीत होतं ना?"

मी म्हणलं, "पोरी, माणूस एवढ्या मनापासून शोधत असेल तर त्याला अडवू नये!"

*

त्यानंतर वृषालीने लॅबच्या दारावर पाटी लावली. आत बोलू नका. कारण आपल्या श्वासात ओल असते, ती मशीनला दिसते. मशीन एवढं बारीक की कोणी जवळ येऊन "अरे वा!" म्हणलं तरी रेषेला काटे फुटतात.

नरेशभाईंनी मला विचारलं, "बोलायचं का नाही?"

मी म्हणलं, "तोंडातलं सगळं मशीनला कळतं. कोणी काय खाल्लं, सगळं."

नरेशभाईंचा चेहरा उतरला. कारण ह्या माणसाने बायकोची शपथ घेऊन तंबाखूचा मावा सोडला होता. निदान बायकोला तरी तसंच माहीत होतं. त्या दिवसापासून ते आमच्याकडे कागद द्यायला आले की दारातून लांब हात करायचे, गाल फुगवून, श्वास धरून. वृषाली सही करेपर्यंत डोळे बाहेर!

एक दिवस त्यांची बायको टिफिन द्यायला आली. मी म्हणलं, "भाभी, या ना, लॅब दाखवतो. नरेशभाई, तुम्ही पण या. ह्या मशीनपुढे जरा फुंकर मारून दाखवा भाभींना."

नरेशभाईंनी मशीनकडे बघितलं, बायकोकडे बघितलं आणि ओरडले, "फक्त अर्धा खाल्ला! अर्धा फेकून दिला!"

भाभी टिफिन परत घेऊन गेल्या.

मशीनचा प्लग काढलेला होता हो!

*

पण खरी शान आमच्या लॅबची म्हणजे हिरा. मशीनला एक जोडणी आहे, तिच्यात इवलासा हिरा बसवलेला. उजेड त्याच्यातून जातो. जेली आधी त्याच्यावर ठेवून तपासायची, मग मोठ्या काचेवर घासायची.

मी गल्लीत सांगितलं, "आमच्याकडे हिऱ्यावर जेली ठेवतात."

शेजारी जयंतीभाई, सौराष्ट्राचे, जन्मभर हिरे घासणारे. ते हसले. "आप्पा, गप्पा बंद करो."

मी त्यांना रविवारी घेऊन गेलो. वृषाली होतीच, ती रविवारी पण असायची. जयंतीभाईंनी खिशातून भिंग काढलं, डोळ्याला लावलं, वाकून बघितलं. मग वृषालीला म्हणाले, "बेटा, याला रात्री कुठे ठेवतेस?"

"इथेच काका."

"तिजोरी?"

"नाही."

"आणि यावर काय ठेवतेस?"

"ओली जेली."

जयंतीभाई खुर्चीत बसले. म्हणाले, "मी इतकी वर्षं हिऱ्याला ओल्या हाताने शिवलो नाही, आणि तू त्याला अंघोळ घालतेस!"

पण मजा पुढे. निघताना ते दारात उभे राहिले आणि आपोआप, कोणी न सांगता, शर्टाचे खिसे उलटे केले, बाही झटकली, केसातून हात फिरवला, आणि थांबले. कारखान्यातून सुटताना हिरा अंगावर राहिला का, ते रोज तपासतात ना! सवय!

मी काय सोडतो? मी पण तपासलं. कॉलर उलटी केली, चपला झटकायला लावल्या. ते मुकाट्याने करताहेत.

तेवढ्यात भट्ट साहेब जिन्यात आले. त्यांनी बघितलं, मला वाटलं आता ओरडतात. तर साहेब म्हणाले, "छान. उद्यापासून नरेशभाईंना पण असंच सोडायचं!"

*

गल्लीचा आपला वेगळाच ताप. कोणीतरी उठवलं, वृषाली गुडघ्याची डॉक्टर झाली. संध्याकाळी तिच्या दारात म्हातारी माणसं रांगेत बसली, लेंगे वर करून!

ती हात जोडून सांगतेय, "काका, मी तसली डॉक्टर नाही. मी फक्त घासताना मधे पाणी किती आहे ते बघते."

आमचा भावडू मिस्तरी, वीस पायऱ्या चढला की शिव्या देतो, तो म्हणाला, "मंग ठीक शे ना! मना गुडघामा बी तेच पाह्य. तुनी जेलीनं पाणी दिसस, मनं का दिसत नही?"

सगळे हसले. वृषाली नाही हसली. दुसऱ्या दिवशी लॅबमध्ये साहेबांना म्हणाली, "सर, आपण हे कोणासाठी करतो ते मला आता नीट सांगता येईल." परीक्षकापुढे काय बोलायचं, त्याची सुरुवात तिने भावडूच्या गुडघ्यापासून केली. साहेबांनी त्यातला एक शब्द बदलला नाही. फक्त लेंगा काढून टाकला. म्हणजे वाक्यातला!

*

आता भट्ट साहेबांची एक गोष्ट. माणूस कडक. देव मानत नाही, मुहूर्त मानत नाही, मांजर आडवं गेलं तर मांजराला विचारतो कुठे चाललीस.

सुरतची हवा म्हणजे न पिळलेला टॉवेल. म्हणून आमच्याकडे एक बंद कपाट आहे, आत सुकी हवा. त्यात फक्त मशीनचे नाजूक भाग ठेवायचे. साहेबांचा हुकूम होता, कपाट कोणी उघडायचं नाही. किल्ली त्यांच्याकडे.

परीक्षक यायच्या आदल्या दिवशी वृषालीला ती जास्तीची चकती पाहिजे होती. साहेब वर्गावर. किल्ली मागून आणली, कपाट उघडलं. खालच्या कप्प्यात स्टीलचा डबा. आत काय? खाखरे! कडक, कुरकुरीत, एक पण सादळलेला नाही.

साहेब आले. मी डबा पुढे धरला. "साहेब, हे?"

साहेबांनी चष्मा लावला. अजिबात न हलता म्हणाले, "ते कंट्रोल सॅम्पल आहे."

मी म्हणलं, "साहेब, कंट्रोल सॅम्पलला मेथीचा वास येतोय."

वृषाली भिंतीकडे तोंड करून हसतेय. किती दिवसांनी हसली पोरगी! साहेबांनी एक खाखरा काढला, तिच्या हातात दिला. "खा. उद्या हात थरथरायला नको."

*

आणि उद्या आला.

परीक्षक उंच, पांढरे केस, फार गोड बोलणारे. गोड बोलणाऱ्याची मला जास्त भीती वाटते. खोलीत गर्दी नको म्हणून आत दोघंच, ते आणि वृषाली. बाहेर बाकावर भट्ट साहेब, वृषालीची माय, आणि मी दाराच्या काचेला नाक लावून.

वृषालीची युक्ती अशी. जड पाणी म्हणून एक पाणी मिळतं. दिसायला साधंच, पण मशीनवर त्याचा डोंगर दुसऱ्याच जागी उभा राहतो. जेली त्या पाण्यात भिजवून ठेवलेली. आता डोंगर जुन्याच जागी आला तर ते सुरतच्या हवेतलं पाणी. नव्या जागी आला तर ते जेलीखालचं. हवेत जड पाणी कुठून येणार? सरळ हिशोब!

माय पदर डोक्यावर घेऊन पुटपुटतेय. साहेब म्हणाले, "बेन, हे देवीच्या हातात नाही. तुमच्या पोरीच्या हातात आहे."

"हा साहेब," ती म्हणाली, आणि पुटपुटत राहिली.

वृषालीने बटण दाबलं. छोटी मोटर फिरली, जेली काचेवर सरकायला लागली. रेषा आली. मला वाचता येत नाही धड, पण डोंगर कुठे आहे ते कळतं. जुन्याच जागी!

"साहेब," मी म्हणलं, "जुनाच आला."

भट्ट साहेब उठले, काचेतून बघितलं. परीक्षक वाकून पडद्याकडे बोट दाखवत गोड गोड बोलतच होते. साहेब बाकावर बसले, आणि त्यांच्या तोंडून निघून गेलं, "हा डोंगर सरकला तर मी स्वतः लोटांगण घालीन!"

मायचं पुटपुटणं थांबलं. तिने मान वळवली.

आत वृषाली उभी राहिली. काचेतून ऐकू येत नव्हतं, पण मला ओठ वाचता येतात. लूमच्या आवाजात आम्ही तसंच बोलायचो. चार पुस्तकांवर ज्यांचं नाव आहे, त्या परीक्षकाला आमच्या नवागामची पोरगी काय म्हणाली?

"सर, हा तुमचा श्वास दिसतोय. कृपा करून मागे व्हा, आणि बोलू नका."

परीक्षक भिंतीपर्यंत मागे गेले आणि तोंडावर हात ठेवला, शाळेतल्या पोरासारखा! वृषालीने मोटर थांबवली, जेलीवरच्या बंद डब्याचं झाकण नीट दाबलं, सुकी हवा सोडली, आणि हात बांधून उभी राहिली. आम्ही बाहेर पण श्वास धरला. आमच्या श्वासाचा काय संबंध? पण धरला!

जुना डोंगर बसत गेला, बसत गेला. तिने मोटर पुन्हा सुरू केली. जेली सरकली, आणि दुसऱ्या जागी, स्वच्छ, नवा डोंगर! मोटर वेगात, डोंगर मोठा. मोटर हळू, डोंगर लहान. पाणी तिथंच होतं, जेलीखाली, जिथं आमची पोरगी चार वर्षं सांगत होती!

परीक्षकांनी तोंडावरचा हात काढला तो टाळी वाजवायलाच.

मी नाचलो. साहेब रडले, पण चष्मा पुसतोय असं दाखवत. आणि माय? माय साहेबांपुढे येऊन हात जोडून उभी.

"साहेब, तुम्ही नवस बोलनात ना? देवीनी आयकी लिधं."

साहेब हसले. "बेन, ते असंच बोलण्यात..."

"बोललं ते बोललं, साहेब. माझ्या पोरीवर कोप नको."

साहेब माझ्याकडे वळले. "सुकलालभाई, तुम्हाला तर कमी ऐकू येतं. तुम्ही काही ऐकलं नाही ना?"

मी म्हणलं, "साहेब, कमीच ऐकू येतं. पण तेवढं आलं!"

तर पुढच्या मंगळवारी सकाळी सगळं नवागाम गल्लीत. एकविरा आईचं छोटं देऊळ, आणि गल्लीच्या तोंडापासून देवळापर्यंत सिमेंटचे ब्लॉक, खरबरीत. भट्ट साहेब पांढरा झब्बा-लेंगा घालून आले. कोणी धरून आणलं नव्हतं, आपल्या पायाने आले. मला म्हणाले, "मी मानत नाही. पण तिची आई मानते." अंगावर बादली ओतून घेतली, आणि आडवे झाले!

बाया दोन्ही बाजूंनी पाणी टाकताहेत. साहेब दोन वळ्या लोळले आणि हात वर केला. सगळे घाबरले.

"पाणी मागे टाकताय तुम्ही! मागे काय उपयोग? माझ्या पुढे टाका, पुढे!"

वृषालीने एका बाईच्या हातातली बादली घेतली आणि स्वतः पुढे चालायला लागली, पाणी टाकत. साहेब दम घ्यायला थांबले.

"सर, थांबू नका! थांबलं की खालचं पाणी निघून जातं!"

"मला शिकवतेस?"

"सर, चॅप्टर चार! तुम्हीच सही केलीय!"

गल्ली हसली, साहेब पण हसले, आणि तसेच हसत, लोळत, देवळाच्या पायरीला जाऊन लागले. मायने त्यांना उठवून बसवलं, झब्ब्याच्या बाह्या वर केल्या आणि हळद लावायला घेतली.

वृषालीच्या नावापुढे डॉक्टर लागलं. भट्ट साहेबांच्या दोन्ही कोपरांची साल नवागामच्या ब्लॉकवर राहिली!